कॅथरिन डनहॅम आणि ईस्ट सेंट लुईसचे ढोल

इ. स. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ईस्ट सेंट लुईस या शहरी पोलिसांनी काही कृष्णवर्णीय तरुणांना पकडून नेले. त्या वर्षी अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली पेटल्या होत्या आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा असलेला काळा तरुण पोलिसांच्या दृष्टीने संशयितच होता. या मुलांना कोणत्या अपराधासाठी धरले, असे विचारीत अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई चौकीवर जाऊन उभ्या राहिल्या. बाई हटेनात, तेव्हा पोलिसांनी त्यांनाही अटकेत टाकले. त्या बाईंचे नाव कॅथरिन डनहॅम. लंडन, पॅरिस, रोम, ब्वेनोस आयरेस, टोकियो येथील मोठमोठ्या नाट्यगृहांतून लोकांनी तिकिटे काढून ज्यांचे नृत्य पाहिले होते, आणि ज्यांनी चारच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘आयदा’ या संगीतिकेची नृत्ये बसविली होती, त्या याच.

नर्तकीच्या चरित्राचा एक ठराविक क्रम आपल्या परिचयाचा असतो. तरुणपणी रंगभूमी आणि कीर्ती. गुडघे कुरकुरू लागले की वर्ग आणि शिष्या. आणि अखेरीस काही लोकोपयोगी कार्य. डनहॅमबाईंचे आयुष्य वरवर पाहता याच क्रमाने गेले. परंतु थोडे खोलात शिरले म्हणजे ध्यानात येते की, ईस्ट सेंट लुईसच्या वस्तीत त्यांनी जे केले ते त्यांच्या कारकिर्दीचे शेपूट नव्हते. सव्विसाव्या वर्षी एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्या निघाल्या होत्या, आणि मधली तीस वर्षे रंगभूमीने त्यांना त्या उत्तरापासून जवळजवळ अडवूनच ठेवले होते.

कॅथरिनचा जन्म २२ जून १९०९ रोजी शिकागो परिसरात झाला. वडील कृष्णवर्णीय, व्यवसायाने शिंपी व कपडे धुऊन देणारे. आई वयाने त्यांच्याहून पुष्कळ मोठी, मिश्र रक्ताची, आणि शिक्षणखात्यात मानाच्या जागेवर असलेली. कॅथरिन अगदी लहान असतानाच आई वारली आणि सुस्थितीतले घर एकाएकी कोसळले. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि जोलिएट या गावी कपडे धुण्याचे दुकान घातले. सावत्र आई प्रेमळ होती, वडील मात्र कडक आणि पुढे पुढे तर कठोर झाले. या बालपणाची हकीकत डनहॅमबाईंनी १९५९ साली ‘अ टच ऑफ इनोसन्स’ या पुस्तकात लिहिली. त्यात स्वतःचा उल्लेख त्यांनी ‘मी’ असा न करता परक्या मुलीची गोष्ट सांगावी तसा केला आहे. त्यावरूनच त्या आठवणी किती जड होत्या हे समजावे. शाळकरी वयात तिने आपल्या चर्चसाठी पैसे जमविण्याकरिता गाण्यानाचण्याचा एक कार्यक्रम बसविला होता. धर्मकार्यासाठी नाच हा योग तिच्या आयुष्यात असा अगदी आरंभीच येऊन गेला.

थोरला भाऊ आल्बर्ट अत्यंत बुद्धिमान होता. तो शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होता. त्याच्या पाठोपाठ तीही तेथे गेली. विद्यापीठात तिची दोन शिक्षणे बरोबरीने चालू झाली. सायंकाळी ती नृत्य शिके. ल्युडमिला स्पेरान्झेवा या रशियन बाईंनी तिला शरीराचा अभिनय शिकविला. वेरा मिरोवा यांच्याकडून भारत, जावा आणि बाली येथील नृत्यांची तिला ओळख झाली. पूर्वेकडील नर्तक मान, डोळे, खांदे, मनगट ही अंगे एकमेकांपासून सुटी करून हलवितो, ही गोष्ट युरोपीय बॅलेवर वाढलेल्या डोळ्यांना नवी होती. पुढे डनहॅमपद्धती म्हणून जी प्रसिद्ध झाली, तिच्यात या सुट्या अंगचालनाला महत्त्वाचे स्थान आहे. १९३० साली तिने कृष्णवर्णीय तरुणतरुणींचे एक बॅलेपथक काढले. ते एका कार्यक्रमानंतर मोडले. १९३३ साली नृत्याचा वर्ग काढला. तो कसाबसा चालला. काळ्या मुलींना बॅलेचा उपयोग काय, असे गोरेही विचारीत आणि काळे आईबापही विचारीत.

दिवसा ती मानववंशशास्त्र शिके. तेथे रॉबर्ट रेडफील्ड यांच्या व्याख्यानात तिच्या कानी एक विचार पडला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनात जे पुष्कळसे आज दिसते त्याचे मूळ आफ्रिकेत आहे, असे ते म्हणाले. आज हे वाक्य साधे वाटेल. त्या काळी शाळांतून असे शिकवीत की, गुलामांच्या जहाजातून उतरलेल्या माणसांपाशी पूर्वीचे काहीच शिल्लक राहिले नव्हते. त्यांना धर्म, भाषा, रीतिरिवाज सर्व गोऱ्यांनी दिले. ज्या समाजाला इतिहासच नाही असे सांगण्यात येते, त्या समाजातील मुलीला तो इतिहास आपल्या पायांत आणि कमरेत साठविलेला असू शकेल असे समजले, तर तिच्या मनाची काय अवस्था होईल, याची कल्पना करावी. ग्रंथ जळतात, भाषा विसरली जाते, परंतु नाच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो, आणि मुकादमाला त्यातले काही कळत नाही.

शिकागोतील रोझेनवाल्ड निधी कृष्णवर्णीय अभ्यासकांना शिष्यवृत्त्या देत असे. त्यांच्या मंडळापुढे कॅथरिनला बोलाविले. तुम्हाला कशाचा अभ्यास करावयाचा आहे, या प्रश्नाला तिने शब्दांनी उत्तर देण्याऐवजी अंगावरचा कोट काढला आणि त्या गंभीर चेहऱ्याच्या मंडळींपुढे आधी बॅलेच्या काही गती व मग आफ्रिकी धर्तीचे नृत्य करून दाखविले. या दोहोंतले अंतर मला अभ्यासावयाचे आहे, असा त्याचा अर्थ. शिष्यवृत्ती मिळाली. आफ्रिकी संस्कृतीचे अभ्यासक मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांच्या हाताखाली काही महिने तयारी करून १९३५ साली ती एकटीच कॅरिबियन बेटांकडे निघाली.

जमैका बेटाच्या डोंगराळ भागात ॲकॉम्पाँग नावाचे खेडे आहे. मळ्यांवरून पळून गेलेल्या गुलामांनी इंग्रजी फौजांशी वर्षानुवर्षे लढून १७३९ च्या तहाने आपले स्वातंत्र्य मान्य करून घेतले. त्या मरून लोकांचे हे गाव. या गावी डनहॅमबाईंनी महिनाभर मुक्काम केला. त्यांना पाहावयाचे होते ते कोरोमांती नावाचे जुने युद्धनृत्य. गावकरी आदरातिथ्य करीत, गोष्टी सांगत, युरोपीय धर्तीचे कवायती नाचही दाखवीत. पण युद्धनृत्याची गोष्ट काढली की विषय बदलीत. ते आता कोणाला येत नाही असे म्हणत. परक्या अभ्यासकाने तेवढ्यावर वही मिटली असती आणि ते नृत्य नामशेष झाल्याची नोंद केली असती. डनहॅमबाई राहिल्या. बायकांबरोबर बसल्या, त्यांच्याबरोबर नाचल्या. मुक्काम संपत आला तेव्हा ते नृत्य त्यांच्यापुढे झाले. ज्या म्हाताऱ्यांना चालणे जड जात होते ते ढोलाच्या ठेक्यावर लढवय्ये होऊन नाचले, आणि पाहुण्या बाईही त्यांत मिसळल्या. ही हकीकत ‘जर्नी टू ॲकॉम्पाँग’ या १९४६ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. तेथे त्यांनी एक धडा घेतला. जे नाच लोकांना खरोखर हवे असतात ते पाहुण्यांपुढे मांडून ठेवलेले नसतात.

मार्टिनिक बेटावर त्यांनी ‘आग्या’ हे झुंजीचे नृत्य पाहिले व चलच्चित्राच्या यंत्राने टिपून घेतले. त्यात दोन पुरुष ढोलाच्या ठेक्यावर एकमेकांभोवती फिरतात, उडी घेतात, लाथ मारल्याचा आविर्भाव करतात. नाच कोठे संपतो आणि मारामारी कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. त्रिनिदादलाही त्या गेल्या. परंतु त्यांचे मन गुंतले ते हैतीत. हा देश म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ साली स्थापिलेले स्वतंत्र राज्य. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या दैवतांची आणि फ्रेंचांच्या रोमन कॅथलिक संतांची तेथे सरमिसळ होऊन व्होदू हा धर्म बनला आहे. सिनेमावाल्यांनी व्होदू म्हणजे जादूटोणा आणि टाचण्या टोचलेल्या बाहुल्या असा समज जगभर पसरविला. वस्तुतः तो शेतकऱ्यांचा साधा भक्तिधर्म आहे. ढोल वाजतात, देवतेचे आवाहन होते, नाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी अंगात येते. ‘अंगात येणे’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दांबाला हा सर्पदेव; त्याच्यासाठी यानव्हालू नावाचे नृत्य करतात. गुडघे वाकवून, अंग पुढे झुकवून नर्तक उभा राहतो आणि कमरेपासून मानेपर्यंत पाठीच्या कण्यातून लाट जाते, पुन्हा परत येते. डनहॅमबाईंनी नुसते टिपण केले नाही. त्यांनी त्या पंथाची रीतसर दीक्षा घेतली. विद्यापीठाच्या नियमांत हे बसते की नाही याची त्यांना स्वतःलाही शंका होती. ही साधक मी की अभ्यासक मी, हा प्रश्न पुढे ‘आयलंड पझेस्ड’ या १९६९ च्या पुस्तकात त्यांनी फार प्रामाणिकपणे चर्चिला आहे.

या प्रवासातून त्यांनी जो सिद्धान्त आणला तो थोडक्यात असा, की प्रत्येक नाचाला एक रूप असते आणि एक काम असते. यानव्हालूचे काम मनाला शांत करून देवतेपाशी नेणे. आनंदोत्सवातील नाचाचे काम वर्षभर दाबून ठेवलेले सारे एकदाचे सैल सोडणे. युद्धनृत्याचे काम, तुमचे पूर्वज हरले नव्हते, ही आठवण ठेवणे. रूपाचे चित्र घेता येते. काम मात्र त्या समाजातच पाहावे लागते. हैतीच्या नृत्यांवरील त्यांचा प्रबंध १९४७ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या फ्रेंच आवृत्तीला क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्यासारख्या पंडिताने प्रस्तावना लिहिली.

१९३६ साली त्यांना शिकागो विद्यापीठाची पदवी मिळाली; पुढील पदवी मात्र अपुरीच राहिली. प्राध्यापक व्हावे की नर्तकी, अशी ओढाताण चालू असता रेडफील्ड यांनीच त्यांना नृत्याकडे जाण्यास उत्तेजन दिले. गुरूने शिष्याला आपल्या शास्त्राबाहेर जाण्यास मोकळीक द्यावी, हे विद्यापीठांत क्वचितच घडते. २७ जानेवारी १९३८ रोजी शिकागोत त्यांचे ‘लाग्या’ हे नृत्यनाट्य रंगभूमीवर आले. मंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम देण्यासाठी सरकारने जी नाट्ययोजना काढली होती तिच्यातले हे काम. त्यामुळे नाचणाऱ्यांत कधी रंगभूमी न पाहिलेली माणसेही होती. मार्टिनिकमधील कोळ्यांच्या गावी दोघे तरुण एका मुलीसाठी झुंजतात व त्यात एकाचा बळी जातो, एवढीच कथा. पोशाख व नेपथ्य जॉन प्रॅट या गोऱ्या चित्रकाराचे. १९४१ साली दोघांचा विवाह झाला. त्या वेळी अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत असा विवाह कायद्याने गुन्हा होता. पंचेचाळीस वर्षे, म्हणजे प्रॅट १९८६ साली वारेपर्यंत, हा संसार आणि ही भागीदारी टिकली.

१९३९ साली डनहॅमबाई न्यूयॉर्कला आल्या त्या कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघाने बसविलेल्या ‘पिन्स अँड नीडल्स’ या नाटकाची नृत्ये बसविण्यासाठी. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या मंडळीचा एक कार्यक्रम एका रविवारापुरता ठरविला. तो लोकांनी कित्येक रविवार चालविला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नृत्यसमीक्षक जॉन मार्टिन यांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्याच वर्षी ‘कॅबिन इन द स्काय’ या संगीत नाटकात जॉर्ज बालान्शिन यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९४३ साली ‘स्टॉर्मी वेदर’ या बोलपटात त्यांची मंडळी दिसली. मग सॉल ह्युरोक या नामांकित ठेकेदाराने ‘ट्रॉपिकल रिव्ह्यू’ घेऊन त्यांना देशभर फिरविले. कीर्ती झाली, पण कसली? वर्तमानपत्रांना एकच गंमत सुचे. मानववंशशास्त्राची पदवीधर बाई रंगमंचावर कंबर हलविते! बोस्टनमध्ये तर ‘रीत द पासाज’ या नृत्यावर, म्हणजे वयात येण्याच्या आणि प्रजननाच्या विधींवरील त्यांच्या सर्वांत अभ्यासपूर्ण कृतीवर, अश्लील म्हणून बंदी आली. ठेकेदाराला पिसे, टोप्या आणि भडक झगे हवे असत. बाईंनीही ते पुरविले. त्यांच्या कार्यक्रमांत थोर कला आणि निव्वळ करमणूक एकाच तिकिटात मिळत असे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. तीस-चाळीस माणसांच्या मंडळीला सरकारचा एक डॉलरही मिळत नव्हता. पुष्कळदा ती कर्जातच असे. खेड्यात ज्या नाचाचे काम देव बोलाविणे हे होते, त्याचे काम येथे तिकिटे खपविणे हे झाले होते. ही गोष्ट दुसऱ्या कोणाहीपेक्षा त्यांना अधिक समजत होती.

तथापि तिकीटविक्रीच्या या जगातही एक गोष्ट त्यांनी मोडू दिली नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे प्रयोग झाला. गोरे प्रेक्षक खाली, काळे वर माळ्यावर. टाळ्या थांबेनात, तेव्हा डनहॅमबाई पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की आपण आम्हाला शेवटचे पाहत आहात. आमच्यासारख्यांना आपल्या शेजारी बसू देत नाहीत अशा ठिकाणी आम्ही पुन्हा येणार नाही. १९५० साली ब्राझीलमधील साओ पाउलो येथे एका मोठ्या हॉटेलाने त्यांना वर्णामुळे खोली नाकारली. त्यांनी ती गोष्ट गिळली नाही. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, आणि वर्णभेद हा आपल्या देशात नसतोच असे मानणाऱ्या ब्राझीलच्या विधिमंडळाला जुलै १९५१ मध्ये वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा करावा लागला. तो कायदा अफोंसो अरिनोस या प्रतिनिधीच्या नावाने ओळखला जातो.

याच वर्षांत न्यूयॉर्कच्या त्रेचाळिसाव्या रस्त्यावर त्यांची शाळा चालू होती. तिला नृत्यशाळा म्हणणे अपुरे ठरेल. कॅरिबियन ठेके आणि बॅलेचा दांडा यांबरोबर तेथे नाट्य, भाषा, ढोलवादन आणि मानववंशशास्त्रही शिकवीत. ज्या देवतेचा नाच तुम्ही करता तिचे नाव, तिचा स्वभाव, तिचे भक्त हे ठाऊक असल्याखेरीज पाऊल टाकू नये, असा बाईंचा आग्रह. वर्गात काळे आणि गोरे एकत्र शिकत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. अर्था किट तेथूनच पुढे आली. मार्लन ब्रँडो ढोलाच्या वर्गाला येत असे. बाई दौऱ्यावर असत तेव्हा सिव्हिला फोर्ट नावाच्या शिक्षिका शाळा सांभाळीत. धड्याची घडण अशी : प्रथम श्वास, मग दांड्याजवळचे काम, मग जमिनीवरचे, मग एकेक अंग सुटे करून हलविणे, आणि शेवटी सर्वांनी रांगेने खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढोलाच्या ठेक्यावर जाणे. या शेवटच्या भागात कोणी एकटा उरत नसे. सुमारे दहा वर्षांनी पैशाअभावी शाळा बंद पडली.

शाळेला आणि मंडळीला पैसा का मिळाला नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक ‘साउथलँड’ हे होय. हे नृत्यनाट्य चिली देशाच्या राजधानीत सांतियागो येथे १९५०-५१ च्या संधीस झाले. मॅग्नोलियाच्या झाडाखाली एका गोऱ्या स्त्रीला तिचाच प्रियकर मारतो. ती भीतीने एका काळ्या मजुराकडे बोट दाखविते. जमाव त्याला फासावर चढवितो. आणि त्याचे प्रेत घेऊन जाणारे त्याचे लोक रंगमंचावरून जातात. अमेरिकन वकिलातीला ही गोष्ट परदेशी लोकांपुढे मांडलेली मुळीच रुचली नाही, आणि मंडळीला चिलीतून लवकरच काढता पाय घ्यावा लागला. १९५३ च्या जानेवारीत बाईंनी पॅरिसला ते पुन्हा केले, त्यानंतर नाही. पुढील वर्षापासून अमेरिकन सरकार आपले नर्तक सरकारी खर्चाने जगभर पाठवू लागले. ज्यांनी आधीच जग पादाक्रांत केले होते त्या डनहॅम मंडळीची त्यात एकदाही निवड झाली नाही. १९६० च्या सुमारास मंडळी मोडकळीस आली. १९६५ साली न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे, कृष्णवर्णीयांच्याच वस्तीतील नाट्यगृहात, तिचे शेवटचे प्रयोग झाले. त्याच सुमारास अमेरिकन सरकारला अखेर बाईंची आठवण झाली. आफ्रिकेतील सेनेगल देशाचे अध्यक्ष, कवी लेओपोल्द सेंघोर यांच्या मदतीस सांस्कृतिक सल्लागार म्हणून त्यांना पाठविण्यात आले. डाकार येथे १९६६ साली कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला, त्याच्या तयारीत त्या होत्या.

डाकारहून परतल्या तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नाचे. सांधे दुखत होते. सदर्न इलिनॉय विद्यापीठाशी त्यांचा संबंध १९६४ पासून होता, आणि त्या विद्यापीठाचे एक केंद्र ईस्ट सेंट लुईसमध्ये होते. ही जागा कोणी आपखुशीने निवडावी अशी नव्हती. मिसिसिपीच्या पलीकडे सेंट लुईस हे मोठे श्रीमंत शहर. अलीकडे हे त्याचे कसाईखाने आणि कारखाने. १९१७ साली येथे गोऱ्या जमावाने काळ्या वस्तीची कत्तल केली होती. पुढे कारखाने एकामागून एक बंद पडले. ज्यांना जाता येत होते ते गेले. १९५० साली लोकवस्ती ८२,००० च्या वर होती, २००० साली ती ३१,५०० वर आली. राहिलेल्या तरुणांपुढे काम नव्हते, टोळ्या होत्या.

बाईंनी विद्यापीठाच्या आवारात बंगला घेतला नाही. त्या याच वस्तीतील एका घरात राहावयास गेल्या. आरंभी मुलांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. रेशमी वस्त्रे नेसणारी, फ्रेंच बोलणारी ही म्हातारी आपल्याला बॅले शिकविणार, हे त्यांना हास्यास्पद वाटले, आणि ते वाटणे स्वाभाविकही होते. बाईंनी बॅलेचे नावच काढले नाही. त्यांनी ढोल मांडले. ढोल वाजविण्यात पौरुषाला बाध येत नाही. मग कराटे व ज्युदोचे वर्ग काढले. मार्टिनिकच्या आग्याची आठवण येथे व्हावी. झुंजीतून ठेक्याकडे आणि ठेक्यातून नाचाकडे मुले कधी आली हे त्यांचे त्यांनाच कळले नाही. लेनवुड मॉरिस, टॉमी गोमेझ हे मंडळीतील जुने साथीदार शिकवावयास आले; सेनेगलहून मोर चाम नावाचा कसलेला ढोलवादक आला. या संस्थेला ‘परफॉर्मिंग आर्ट्स ट्रेनिंग सेंटर’ असे नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या शाळेचाच हा अभ्यासक्रम होता. फरक एवढाच, की तेथे विद्यार्थी रंगभूमीवर जाण्यासाठी येत, येथे त्यांनी रात्री घरी सुखरूप परतावे यासाठी वर्ग चाले. पोलीस चौकीचा आरंभी सांगितलेला प्रसंग याच दिवसांतला. त्यानंतर वस्तीतील तरुणांनी बाईंना आपल्यातले मानले. टेलर जोन्स नावाचा नागरी हक्कांचा एक तरुण कार्यकर्ता मोटार अपघातात मेला, तेव्हा या मुलांनी त्याच्यावर एक नृत्यनाट्य केले. आपल्यातल्या मृताला आपणच नाचून निरोप द्यावा, हा प्रकार बाईंनी हैतीत पाहिला होता. रूप बदलले होते, काम तेच. १९७० साली बालकांविषयीच्या राष्ट्रीय परिषदेसाठी येथील चाळीसहून अधिक मुलांना घेऊन त्या वॉशिंग्टनला गेल्या. त्यांतील कित्येकांनी त्यापूर्वी नदीचा पूलही ओलांडलेला नसेल.

ढोलांनी कारखाने परत आले नाहीत. वरील आकडे बोलके आहेत, आणि नृत्याने शहर वाचते असे म्हणणाराला ईस्ट सेंट लुईस हे उत्तर पुरेसे आहे. केंद्राला पैशाची चणचण नेहमीचीच. १९७७ साली बाईंनी आपले देशोदेशीचे ढोल, मुखवटे आणि वस्त्रे मांडून तेथे एक संग्रहालय उघडले. पुढे लहान मुलांचा वर्ग चालू झाला. मानसन्मान उशिरा आणि एकदम आले. १९८३ साली केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. १९८७ साली आल्विन एली यांनी आपल्या मंडळीकडून त्यांची जुनी नृत्ये पुन्हा बसवून घेतली. लहान वयात डनहॅमबाईंचा प्रयोग पाहून एली भारावून गेले होते. १९८९ साली राष्ट्रीय कलापदक मिळाले. घरात मात्र उधारीची बिले असत, आणि पाहुण्यांसाठी जेवणाचे टेबल लांबच लांब मांडलेले असे.

१९९२ साली त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. हैतीत लष्कराने निवडून आलेले सरकार उलथून टाकले होते. माणसे होड्यांतून पळून अमेरिकेकडे येत आणि अमेरिकन सरकार त्यांना समुद्रातूनच परत लोटी. फेब्रुवारीत डनहॅमबाईंनी ईस्ट सेंट लुईसच्या आपल्या घरी उपोषण आरंभिले. ते सत्तेचाळीस दिवस चालले. वस्तीतील लोक आळीपाळीने घराबाहेर थांबत, आणि वर्तमानपत्रांचे बातमीदार त्या गावी दंगलीच्या बातमीखेरीज दुसऱ्या कारणाने प्रथमच आले असावेत. शेवटी हैतीचे पदच्युत अध्यक्ष अरिस्तिद स्वतः येऊन त्यांना विनवू लागले, तेव्हा त्यांनी अन्न घेतले. सरकारचे धोरण बदलले नाही. उलट मे महिन्यात ते अधिक कडक झाले. १९९४ साली अरिस्तिद हैतीला परत गेले.

अखेरची काही वर्षे त्यांनी मित्रांच्या मदतीने न्यूयॉर्कला काढली. २१ मे २००६ रोजी, सत्त्याण्णव वर्षे पुरी होण्यास एक महिना उणा असता, तेथेच त्यांचे निधन झाले. ईस्ट सेंट लुईसच्या वर्गात लहानपणी शिकलेल्यांपैकी काहीजण तोवर स्वतःच शिक्षक झाले होते. धड्याचा आरंभ ते श्वासापासून करीत आणि शेवट रांगेने खोली ओलांडून.